पदूचं नाव घेणार कोण?

बाराव्या दिवशी सकाळी दोन विहिणी खळ्यावर उभ्या राहून भांडत होत्या, आणि भांडण होतं तांदळाच्या दोन दाण्यांवरून.

सोनुबाई भात झोडत होती. घरात बारसं असलं म्हणून खळं थोडंच थांबतं? एकेक पेंढी उचलायची, डोक्यावरून फिरवायची आणि फळीवर आपटायची. पेंढी आपटली की दाणे उडायचे, आणि दाण्यांबरोबर सोनुबाईचे शब्दही उडायचे.

"दोन दाने मिठी मारून तरंगले," धाडकन पेंढी. "साऱ्या वाडीनं बघितलं," धाडकन पेंढी. "तुज्याच डोळ्यांत काय भुसा गेला व्हता गं?"

"माज्या डोळ्यांना काय बी झालं नाय," आनंदीबाई पदर खोचून म्हणाली. ती सोनुबाईच्या सुनेची, भागीची, आई. लेकीच्या बाळंतपणाला आली होती ती आल्यापासून मुक्कामालाच होती. "तांदूळ बुडतो का तरंगतो, येवढं कळतं मला. केस काय उन्हानं पांढरे नाय केले. माज्या बापाच्या नावाचे दाने दगडासारके तळाला गेले, आन तुज्या घरधन्याचे बदकासारके पोहायला लागले. ह्यो तांदूळ हाय का बदक?"

"नवा तांदूळ हलका आसतो."

"हलका! तुमच्या उंबरपाड्यात तांदळाला पंख बी फुटत आसतील! लोक म्हनतात त्येच खरं. नाव सोनुबाई आन हाती कथलाचा वाळा."

सोनुबाईनं पेंढी अशी आपटली की आनंदीबाईच्या नाकावर चार दाणे बसले. तिनं लगेच दुसरी पेंढी उचलली. बोलली असती तर पकडली गेली असती, कारण विहीण बोलत होती ते शंभर टक्के खरं होतं.

उंबरपाड्याची रीत अशी होती, की मूल पाच दिवसांचं झालं म्हणजे सुईणीनं काशाच्या वाटीत पाणी घ्यायचं. घरातल्या पुरुषानं दाराबाहेर उभं राहून मेलेल्या पूर्वजांची एकेक करून नावं घ्यायची आणि प्रत्येक नावाला सुईणीनं दोन दाणे पाण्यात सोडायचे. दाणे बुडाले, तर तो पूर्वज आला नाही. तरंगून एकमेकांना चिकटले, तर तोच माघारी आला. मग नाव त्याचंच, त्यात कुणाचं काही चालायचं नाही. पाचवीला सोनुबाईचा लेक पोशा दारात उभा राहून नावं घेत होता, सुईण ठमी दाणे सोडत होती आणि ठमीच्या हातावर दाणे ठेवत होती सोनुबाई. पोशानं "चांगो!" म्हणून भागीच्या आजोबाचं नाव घेतलं तेव्हा सोनुबाईनं सुपातले दाणे दिले. पोशानं "पदू!" म्हणून आपल्या बापाचं नाव घेतलं, तेव्हा तिनं कनवटीचे दिले. ते दोन दाणे तिनं आदल्या दिवसापासून खोबरेल तेलात भिजत घातले होते.

आता ही लबाडी तिनं का केली, ते सांगायला हवं. पदू मानमोडीच्या साथीत गेला, त्याला दोन वर्षं झाली होती. सोनुबाईला तो परत हवा होता असं काही नव्हतं. सबंध जन्म त्याच्याशी भांडण्यात गेला होता आणि ती थोडी दमलीही होती. पण तो गेल्यापासून त्या घरात त्याचं नाव कुणी घेईना. लेक "बा" म्हणायचा, शेजारी "म्हातारा" म्हणायचे. पदू हा शब्दच वाडीतून उठून गेला होता, आणि घर तिला त्यामुळं मुकं वाटायचं. ते नाव दिवसातून पन्नास वेळा घरात घुमावं, एवढंच तिला हवं होतं. त्यासाठी दोन दाण्यांना तेल लावलं तर कुणाचं काय बिघडलं?

बिघडलं ते वेगळंच.

बाराव्याचा दिवस म्हणून घर सारवून झालं होतं. तुळईला झोळी बांधली होती. चुलीवर भल्या मोठ्या टोपात वालाच्या घुगऱ्या शिजत होत्या. ठमी सुईण सकाळीच येऊन बसली. ठमीनं वाडीतली निम्मी माणसं आपल्या हातानं जगात आणली होती, त्यामुळं ती कुणाचीही कानउघाडणी करायची आणि सगळे ऐकून घ्यायचे.

"कानात कुर्र कोन करनार?" तिनं विचारलं.

"आवडी," सोनुबाई म्हणाली. "पोराची आत्या. साजगावातनं निघनार, खोपोलीला गाडीत बसनार आन दुपारला कर्जतला उतरनार."

"आवडी येनार?" ठमी हसली. "गाडीची शिटी ऐकली की ती घरात येनी घालायला बसते. सोने, दुसरी कोन हाय?"

"दुसऱ्या काय, छप्पन मिळतील."

"मिळू देत. लेकुरवाळी हवी. सवाशीन का इधवा, ते तांदूळ इचारत नाय. पन आज दिस मावळायच्या आत नाव कानात गेलं पायजे. नाय गेलं तर ते नाव तांदळानं परत घेतलं म्हनायचं. उद्या नवी वाटी, नवं पानी."

"आन उद्याचे दाने मी देनार," आनंदीबाई लगेच म्हणाली. "माज्या घरचे. जुने."

विहिणीच्या हातचे दाणे म्हणजे पदू बुडाला आणि चांगो तरंगला, हे सोनुबाईला लख्ख दिसलं. ही बाई तेल काय, मेणसुद्धा लावायला कमी करणार नाही! चोराच्या वाटा चोराला ठाऊक असतात.

दुपार झाली. पोशा कर्जतच्या टेसनावर जाऊन एकटाच परत आला. "आये, आवडी नाय आली. डब्यात, फलाटावर, समदीकडं बघितलं. एक साजगावचा मानूस म्हनाला, ती टेसनावर धावत येत व्हती, पन गाडी पुढं आन ती मागं." आवडी आली ती दुसऱ्या दिवशी, आणि मानासाठी तीन दिवस रुसून बसली. ते भांडण वेगळं.

"नाय आली तर नाय आली," सोनुबाई म्हणाली. "भरल्या वाडीत एक बाई मिळनार नाय व्हय?"

वाडीतल्या बायका जमल्या होत्याच. सोनुबाईनं शेजारच्या शकूला पुढं ढकललं. शकूला सहा मुलं, तिच्याइतकी लेकुरवाळी दुसरी नव्हती. शकू झोळीपाशी गेली, बाळाच्या कानाशी वाकली, तोंड उघडलं आणि तशीच राहिली.

"काय झालं गं?"

शकूनं जीभ चावली. "काकू, मी कशी घेऊ? ते माजे चुलतसासरे."

"बरं, विमल, तू ये."

विमलबाई दोन पावलं मागं सरकली. "मला ते थोरले दीर लागत्यात. थोरल्या दिराचं नाव घेऊ? माजा घरधनी मला उभी चिरील!"

मग सगळ्याच बायका मनातल्या मनात नातं मोजायला लागल्या. चौदा घरांची वाडी. पदू वाडीतला सगळ्यांत थोरला. कुणाचा सासरा, कुणाचा चुलतसासरा, कुणाचा दीर, कुणाचा मामेसासरा. वाडीत सून म्हणून आलेल्या एकाही बाईला ते नाव तोंडातून काढायची सोय नव्हती. एवढंच काय, वाडीच्या सुना पदर हा शब्दसुद्धा उच्चारायच्या नाहीत, 'लुगड्याचं टोक' म्हणायच्या. ज्या लेकींना ते नाव घेता आलं असतं, त्या लग्न होऊन गावोगाव गेलेल्या, आणि ज्या वाडीत उरल्या होत्या त्यांचे दुधाचे दात पडायचे होते.

"ठमे, तू?" सोनुबाईनं काकुळतीला येऊन विचारलं.

"मी काय आभाळातनं पडले? मी बी हितली सूनच. मला ते थोरल्या दिराच्या जागी. म्हनून तर पाचवीला नावं पोशानं घेतली."

बाळंतिणीच्या खाटेवरून भागीनं डोकं वर काढलं. ती सासूला म्हणाली, "आत्या, मग मी? मी माज्या प्वाराला हाक कशी मारायची? जल्मभर 'अवं, जेवायला या' म्हनू?"

यावर शकूला हसू आवरेना. ती तोंडात लुगड्याचं टोक कोंबून कोपऱ्यात बसली. तिला बघून विमलबाई हसली आणि मग सगळ्याच. हसण्यानं बाळ जागं झालं आणि त्यानं जो टाहो फोडला, तो खळ्यावर बसलेल्या पुरुषांपर्यंत गेला.

"काय अडलंय?" बाहेरून म्हाताऱ्या कमळ्यानं विचारलं. पोशानं सांगितल्यावर कमळ्या मांडी थोपटून हसला. "अरं, यात काय हाय! पदू! पदू! पदू! घ्या, आमी घेतलं!"

"बाप्याचं नाय चालत!" ठमी आतून ओरडली. "आन कोन बाप्या उंबऱ्याच्या आत आला, तर मुसळानं भायेर काढीन!"

तेवढ्यात अंगणात बांगड्यांची खळखळ ऐकू आली. नेरळची सफुरा कासारीण दर बारशाला वाडीत बांगड्या भरायला यायची. तिला बघताच सोनुबाईचा चेहरा उजळला. ही वाडीची सून नव्हती, जातीची ना पातीची, वर पाच लेकरांची आई!

"सफुरा, माजे बाय, देवानं धाडलं तुला! आत ये. येवढं कानात नाव घाल."

"घालते की. कोनचा नाव?"

सोनुबाई थांबली. तिलाही ते सांगता येईना. तिनं दाराकडं तोंड करून लेकाला सांगितलं, "पोशा, सांग रं!" आणि बाहेरून पोशा ओरडला, "पदू!"

सफुराची टोपली हातातून सुटता सुटता राहिली. "तोबा! माजा घरवाला त्यांना बडे भाई म्हनायचा. ते माजे जेठ झाले का नाय? आमच्यात बी जेठाचा नाव घेत नाय, भाबी. ते दुसरा काय पन सांग."

आता मात्र घरात हसण्याचा असा स्फोट झाला, की टोपावरचं झाकण खाली पडलं. सफुरा स्वतःच हसत खाली बसली आणि हसता हसता शकूच्या हातात चुकून डाव्या हाताच्या बांगड्या उजवीकडं भरल्या. एकटी सोनुबाई हसली नाही. दारातून उन्हाची तिरीप आत आली होती. माथेरानच्या डोंगरावर सूर्य दोन हात वर उरला होता.

आणि एक बाई कोपऱ्यात बसून सुपारी कातरत होती. आनंदीबाई. ती या वाडीची सून नव्हती. पदू तिचा व्याही, आणि व्याह्याचं नाव घ्यायला कुणाची बंदी नव्हती. लेकुरवाळीही होती. भरल्या घरात ते नाव घेऊ शकेल असं एकच तोंड होतं, आणि ते सुपारी चघळत होतं.

हे सगळ्यांच्या एकदमच ध्यानात आलं. सगळ्यांच्या माना तिच्याकडं वळल्या.

"माज्याकडं काय बघता?" ती म्हणाली. "मी कशाला घेऊ? माजा बाप बुडाला ना तळाला!"

"आये, घे ना," भागी म्हणाली.

"तू गप. तू बाळंतीन हायस." आनंदीबाईनं अडकित्ता खाली ठेवला आणि पाय लांब केले. "सोनुबाईनं येऊन पाया पडावं. मग बघू."

ठमी सोनुबाईच्या कानाशी लागली. "पड गं. अडला हरी, गाढवाचे पाय धरी."

"गाढव कुनाला म्हनतेस?" कोपऱ्यातून आवाज आला. आनंदीबाईचे कान तिखट होते.

सोनुबाई त्या लांब केलेल्या पायांकडं बघत राहिली. टाचांना भेगा होत्या आणि बोटं हलत होती, मुद्दाम हलत होती. तिच्या मनात आलं, पडावं. पदूसाठी पडावं. मग मनात आलं, पदूनंच हे बघितलं असतं तर आठ दिवस हसला असता. या बाईच्या पाया पडून आणलेलं नाव घरात आलं, तर ते रोज या पायांची आठवण करून देईल.

"आत्या," भागी हळूच म्हणाली, "तुमी उखान्यात घ्या ना."

एरवी नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, पण उखाण्यात घ्यायला मुभा असते, हे शेंबड्या पोरीलाही ठाऊक. पण नवरा गेलेल्या बाईनं उखाणा घेतल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

"इधवेनं उखाना घेऊ नये आसं म्हनतात," विमलबाई चाचरत म्हणाली.

"कोन म्हनतं?" ठमी उसळली. "ज्यो म्हनतो त्येला हितं आना, त्यो घेऊ दे नाव! सोने, ऊठ."

सोनुबाई उठली, पण झोळीकडं पाऊल टाकेना. खरी गोष्ट अशी, की तिनं उखाणासुद्धा आजवर घेतला नव्हता. लग्न होऊन आली तेव्हा नणंदांनी दार अडवून धरलं होतं, नाव घे मगच आत ये म्हणून. तेरा वर्षांची सोनुबाई हट्टाला पेटली आणि दारातच फतकल मारून बसली. दुपार टळली तरी घेईना. शेवटी पदूनंच मागच्या अंगाला जाऊन कारवीच्या कुडाची भिंत कोयत्यानं फोडली आणि बायकोला त्या भोकातून आत घेतलं. वाडी वर्षभर हसत होती. सोनुबाईला तेव्हा आपण जिंकलो असं वाटलं होतं. पदूनं पुन्हा कधी आग्रह केला नाही. तो गेला त्यानंतर एकदा वाल निवडताना तिच्या मनात आलं, की त्या माणसाला आपल्या तोंडून त्याचं नाव एकदाही ऐकायला मिळालं नाही. तेव्हा ती फार रडली होती, आणि कुणी विचारलं तर डोळ्यात भुसा गेला म्हणाली होती.

ती झोळीपाशी वाकली. बाळ तांबडंलाल होऊन किंचाळत होतं. तिनं तोंड उघडलं. जीभ टाळ्याला चिकटली. पुन्हा उघडलं. पुन्हा मिटलं.

"दिस टेकला डोंगराला!" बाहेरून कमळ्या ओरडला.

"मी माजे तांदूळ काढून ठेवते," आनंदीबाई म्हणाली.

ते ऐकलं आणि सोनुबाईची जीभ सुटली.

"खळ्यावर भात न भातावर सूप," ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली, की कानात सांगायचं नाव चौदा घरांना ऐकू गेलं, "पदूचं नाव घेते, पोरा आता हो चूप!"

पोर चूप झालं नाही. त्यानं उलट दुप्पट गळा काढला. पण त्याचं रडणं ऐकायला होतं कोण? बायका टाळ्या पिटत होत्या, शकू आणि सफुरा एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या, ठमी सुपावर काठी बडवत होती. आणि सोनुबाई स्वतःच्या तोंडावर हात ठेवून उभी होती. काही झालं नव्हतं. छप्पर पडलं नव्हतं, वीज कोसळली नव्हती. तिनं हात काढला आणि बघू तरी म्हणून पुन्हा एकदा म्हणून पाहिलं.

"पदू."

मग एकदम पाट फुटावा तसं झालं. "पदू! अरं पदू! पदू रं माज्या! पदू, रडतोस कशाला रं पदू?"

"सोने, पुरे," ठमी म्हणाली. "कानात तीनदा घालायचं आसतं, तू तीस वेळा घातलंस."

"घालू दे गं! येवढ्या वर्सांचं साठलंय!" सोनुबाई रडत होती आणि हसतही होती, आणि लुगड्याच्या टोकानं नाक पुसत होती. पुसता पुसता थांबली. "आन ह्येला आजपासनं पदर म्हनायचं! ऐकलंत का गं सगळ्यांनी? पदर!"

एवढ्यावर ती थांबली नाही. घुगऱ्यांचा टोप ओढून ती दारात बसली आणि उंबऱ्यावर आडवा पाय टाकला.

"माज्या नातवाला वाडीत हाक मारायला कोन तरी हवं का नको? नाव घ्यायचं, मग घुगऱ्या. फुकट एक दाना मिळायचा नाय."

आधी कुणी पुढं येईना. मग शकू आली, डोळे घट्ट मिटले, "पदू" म्हणाली आणि थंड पाण्यात उडी मारल्यासारखी किंकाळी फोडून पळाली. ओटीभर घुगऱ्या घ्यायच्या राहिल्या म्हणून परत आली. विमलबाईनं खळ्यावर बसलेल्या घरधन्याकडं एकदा बघून घेतलं आणि कुजबुजली. "ऐकू नाय आलं," सोनुबाई म्हणाली. विमलबाई जरा मोठ्यानं म्हणाली. "अजून नाय." तिसऱ्यांदा विमलबाईनं जी आरोळी दिली, तिला बाहेरून सगळ्या पुरुषांनी ओ दिली. सफुरानं कानाला हात लावून आधी वर बघून माफी मागितली, मग घेतलं आणि दोन वाट्या घुगऱ्या पदरात बांधल्या. ठमी दात नसलेल्या तोंडानं "पदू, पदू" करत मिटक्या मारायला लागली. भागी सगळ्यांत शेवटी बोलली. तिनं बाळाला मांडीवर घेतलं, सासूकडं बघितलं, सासूनं मान हलवली. "पदू," ती म्हणाली, आणि इतकी लाजली की पोशाचंच नाव घेतलंय असं वाटावं.

राहिली आनंदीबाई.

"मला नकोत घुगऱ्या," ती म्हणाली. "मला वालानं पोटात वारा धरतो."

"नको तर नको," सोनुबाई म्हणाली.

"मी त्याला बाळच म्हननार."

"म्हन."

घुगऱ्यांचा वास घरभर सुटला होता. खोबरं होतं, हिरवी मिरची होती. आनंदीबाईनं एकदा टोपाकडं बघितलं, एकदा बाहेर बघितलं. मग काहीतरी करायचं म्हणून तिनं लेकीच्या मांडीवरून नातवाला उचललं आणि आपल्या मांडीवर घेतलं. बारशासाठी घेतलेलं नवं हिरवं लुगडं नेसली होती ती. बाळ रडायचं थांबलं. त्यानं आजीकडं टक लावून बघितलं, पाय आखडले, आणि असा काही नेम धरला की धार तिच्या हनुवटीपासून थेट निऱ्यांपर्यंत गेली.

"अगं आय गं!" आनंदीबाई ओरडली. "पदू! मेल्या पदू, माजं नवं लुगडं रं!"

आपण काय बोललो ते तिला कळलं तेव्हा घरात एकाही बाईला बसता येत नव्हतं. सगळ्या भिंतीला टेकून, जमिनीवर लोळून, एकमेकींना धरून हसत होत्या. खळ्यावर पुरुष काय झालं, काय झालं म्हणून विचारत होते आणि त्यांना सांगायला कुणाच्या घशात आवाज उरला नव्हता. आनंदीबाईनं ओठ दाबून धरले, गाल फुगवले, पण किती धरणार? शेवटी तीही फुटली आणि नातवाला छातीशी धरून गदागदा हसायला लागली.

सोनुबाईनं उंबऱ्यावरचा पाय काढला. टोप कमरेवर घेऊन ती विहिणीपाशी आली आणि तळाला उरलेल्या सगळ्या घुगऱ्या तिच्या ओल्या मांडीवर उपड्या केल्या.

"खा, विहीनबाई," ती म्हणाली. "सगळ्यांत मोठ्यानं तूच घेतलंस."